मामांचं अंथरूण

श्रोतेहो, नमस्कार. आज बोलायचंय न येणाऱ्या झोपेबद्दल. आणि ते मला आमच्या मामांना सोडून सांगताच येत नाही.

मामा करवीर तालुक्यातले, ऊस लावणारे. शेतीपंपाची वीज रात्रीची, म्हणून वर्षानुवर्षं मध्यरात्री उठून बॅटरी घेऊन उसाला पाणी पाजायला जायचे. साप-विंचवाच्या अंधारात माणसानं सरीत उभं राहायचं, हे मला कधीच पटलं नाही. शेतकऱ्याला वीज दिवसाच मिळाली पाहिजे, हे मी जिथं माईक मिळेल तिथं सांगतो.

पुढं ते काम मुलानं अंगावर घेतलं. मामांना रात्रभर झोपायची मोकळीक मिळाली, पण झोप काही आली नाही. "हातरुणावर पडलं की टक्क जाग येतीया," म्हणायचे. म्हणून आठलाच आडवे व्हायचे, सकाळी सहापर्यंत लोळायचे. दुपारी सोप्यात डुलकी, संध्याकाळी दोनदा चहा.

डॉक्टरांनी आधी दोन आठवडे वहीत मांडायला लावलं. दहा तास अंथरुणात, त्यात झोप साडेपाच तास. मग म्हणाले, "मामा, अंथरूण कमी करा. साडेअकराला पडायचं, पाचला उठायचं. दुपारची झोप बंद. पडून झोप आली नाही तर उठून बाहेर बसायचं, डोळे जड झाले की परत यायचं."

मामी संतापल्या. "झोप येत न्हाई म्हणून न्यायचं, आणि ह्यो म्हणतोय जागं ऱ्हावा!"

पहिला आठवडा फार जड गेला. मामा सोप्यात बसून म्हशीचं रवंथ ऐकायचे. पेंग यायची म्हणून मोटरसायकल डॉक्टरांनी बंद केली होती. दुसऱ्या आठवड्यात एका पहाटे मामी उठवायला गेल्या, तर मामा घोरत होते. तिथून पंधरा-पंधरा मिनिटं वाढवत नेली.

ही पद्धत अमेरिकेतले आर्थर स्पीलमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1987 साली मांडली. त्यांच्या मते निद्रानाशाला तीन गोष्टी लागतात: मुळातली प्रकृती, एखादं निमित्त, आणि तो टिकवून धरणाऱ्या सवयी. परत सांगतो, निमित्त गेलं तरी सवयी राहतात. मामांचं रात्रीचं पाणी गेलं, लवकर पडायची सवय लागली. झोप नाही तर अंथरूण सोडा, हा नियम रिचर्ड बूटझिन यांचा, 1972 चा. अमेरिकेतल्या फिजिशियन डॉक्टरांच्या संघटनेनं 2016 मध्ये सांगितलं, की जुनाट निद्रानाशाला आधी अशी सवयी आणि विचार बदलणारी उपचारपद्धती, गोळीचा विचार नंतर. आणि चहा-कॉफीतलं कॅफीन पाच-एक तासांनीही निम्मं अंगात असतं.

आठवड्यात तीन रात्री, असं तीन महिने चाललं असेल तर डॉक्टरांकडे जा. फिट येत असतील किंवा उन्मादाचा आजार असेल तर झोप कमी करण्याचा हा प्रयोग स्वतःच्या मनानं करू नका. घोरताना श्वास अडकत असेल तर तो आजारच वेगळा, तोही दाखवा.

परवा रात्री साडेनऊला मामांना फोन लावला. मामींनी उचलला. म्हणाल्या, "बोल की, जागंच हाईत. अजून तासभर हातरुणाकडं फिरकू द्यायची न्हाई मी."