गल्लीला आडवी दोरी

(दृश्य : पुण्यातल्या पेठेतली एक गल्ली. शाळेचं बंद फाटक. घड्याळात बारा वीस.)

शाळा सुटायला दहा मिनिटं आहेत. आधी रिक्षा येतात, मग व्हॅन, मग स्कूटरवरचे आईबाबा. सगळ्यांत शेवटी येऊन सगळ्यांत जास्त जागा अडवतात त्या दोन-चार मोटारी. सकाळच्या सत्राची मुलं बाहेर पडणार, दुपारच्या सत्राची आत जाणार. गल्ली मात्र वाडे होते तेव्हा होती तेवढीच.

शिपाईमामा बाहेर येतात. हातात सुती दोरी. एक टोक फाटकाला, दुसरं समोरच्या विजेच्या खांबाला. गल्ली बंद. कुठला सरकारी आदेश नाही की फलक नाही. एक मोटारसायकलवाला दोनदा हॉर्न वाजवतो. मामा वळूनही बघत नाहीत.

(दृश्य : मुलं बाहेर येतात. एक आजोबा नातीचं दप्तर स्वतःच्या खांद्याला लावतात.)

"हात धर."
"आजोबा, मी मोठी झालेय."
"झालीस ना? मग सांभाळून चाल."

सांभाळून चाल. शाळेत जाणाऱ्या प्रत्येक मुलाने हे रोज ऐकलेलं असतं. रस्त्याला मात्र हे कुणी सुनावत नाही. पन्नासेक वर्षांपूर्वी एका देशातल्या आईवडिलांनी ते सुनावलं.

(दृश्य : कृष्णधवल छायाचित्रं. डच शहर, अरुंद रस्ता, दोन्ही कडेला मोटारींच्या रांगा.)

नेदरलँड्स. सायकलींचा देश म्हणून आपण आज ज्याचं कौतुक करतो, तोच. १९७१ साली तिथे रस्त्यांवर सुमारे ३,३०० माणसं मेली. त्यांत मुलं होती ४००हून जास्त. महायुद्धानंतर हातात पैसा आला होता, घरोघरी मोटारी आल्या होत्या, आणि शहरं त्या मोटारींना वाट करून देत होती. विक लांगनहोफ या पत्रकाराची सहा वर्षांची मुलगी त्याच वर्षी अपघातात गेली. १९७२ साली त्यांनी वर्तमानपत्रात लेख लिहिला. मथळा होता, 'स्टॉप डे किंडरमोर्ड'. बालहत्या थांबवा.

अपघात हा शब्दच त्यांनी टाळला होता. अपघात म्हटलं की आपण कपाळाला हात लावतो आणि नशिबावर सोडून देतो. हत्या म्हटलं की कुणीतरी जबाबदार असावा लागतो.

त्याच नावाची चळवळ उभी राहिली. तिच्या पहिल्या अध्यक्ष मार्टिए फान पुटन, तेव्हा तरुण आई, पुढे युरोपीय संसदेच्या सदस्य झाल्या. लोकांनी अपघाताच्या जागा अडवल्या. रस्ते बंद करून मुलांना खेळायला मोकळे केले, भर रस्त्यात टेबलं मांडून पंगती उठवल्या. सायकलींवरून गाणी म्हणत पंतप्रधान योप डेन आउल यांच्या घरी गेले आणि मुलांसाठी सुरक्षित रस्ते मागितले. १९७३च्या शेवटी तेलाची टंचाई आली, सरकारने काही रविवार मोटारींना बंदी घातली. मोटारींवाचून आपला रस्ता कसा दिसतो, हे त्या हिवाळ्यात पोरांनी आणि त्यांच्या आईबापांनी डोळ्यांनी पाहिलं.

(दृश्य : डेल्फ्ट. विटांचा रस्ता, मध्येच झाड, झाडाला वळसा घालून येणारी मोटार.)

डेल्फ्ट शहरात तोवर वेगळाच उद्योग सुरू झाला होता. तिथल्या महापालिकेतले अभियंते, त्यांत योस्ट व्हाल हे आघाडीवर, वस्तीतले रस्ते मुद्दाम वाकडे करत होते. सरळ रस्त्यात झाड लावायचं. पार्किंग एकदा डाव्या हाताला, थोडं पुढे उजव्या हाताला. पदपथ आणि रस्ता एकाच पातळीवर आणायचे, म्हणजे 'हा माझा, तो तुझा' ही वाटणीच संपते. अशा रस्त्याचं नाव वोनेर्फ. एर्फ म्हणजे शेतघराभोवतीचं आवार. आपल्याकडचं अंगण म्हणा. १९७६ साली त्याला कायद्याची मान्यता मिळाली. मोटारीने माणसाच्या चालीने जायचं, आणि मुलं रस्त्यात खेळली तर चालतं. निळ्या फलकावर घर, मोठं माणूस, मूल, चेंडू आणि एक मोटार.

चालक तिथे सावकाश का जातो? फलक वाचून नव्हे. पुढचं दिसत नाही, रस्ता वळतो, विटा चाकाखाली खडखडतात, म्हणून. आज तिथे रस्त्यावर दगावणाऱ्या मुलांची संख्या तेव्हाच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी आहे. याचं सगळं श्रेय विटांना नाही. मोटारीतली बालआसनं, सीटबेल्ट, चांगली रुग्णालयं, वेगळ्या सायकलवाटा, सगळ्यांचा वाटा आहे. पण सुरुवात अंगणापासून झाली.

(दृश्य : पुन्हा पुणे. रस्त्यावर खडूने आखलेल्या रेघा, शेजारी मोजपट्टी.)

वेगाचं गणित एकदा खडूने मांडून बघू. ताशी ३० किलोमीटर म्हणजे सेकंदाला साधारण सव्वाआठ मीटर. मूल दिसलं, पाय ब्रेककडे गेला, यात एक सेकंद जातो. मग ब्रेक लागून गाडी थांबायला आणखी पाच मीटर. कोरड्या रस्त्यावर एकूण तेरा मीटर. इथे ही रेघ.

आता ताशी ५०. सेकंदाला जवळपास चौदा मीटर. म्हणजे पहिली गाडी जिथे थांबून उभी आहे, तिथे या दुसऱ्या गाडीच्या ब्रेकवर अजून पाय पडलेला नाही. ती त्या रेघेवरून पूर्ण ५०च्या वेगाने जाते. थांबते अठ्ठावीस मीटरवर. तिकडे, झेरॉक्सच्या दुकानापाशी.

तिसाच्या वेगाने बसलेला धक्का साडेतीन मीटरवरून पडल्याइतका. पन्नासाचा, जवळजवळ दहा मीटरवरून. पहिल्या मजल्यावरून पडणं आणि तिसऱ्या मजल्यावरून पडणं यातला फरक कुठल्याही आईला समजावून सांगावा लागत नाही.

कायदा काय म्हणतो? केंद्र सरकारच्या २०१८च्या अधिसूचनेत महापालिका हद्दीतल्या रस्त्यांवर मोटारीची कमाल मर्यादा ताशी ७०, दुचाकीची ६०. ती कमी करण्याचा अधिकार राज्याला आहे. पण जिथे कुणी कमी केलीच नाही, तिथे कागदावर सत्तरच.

(दृश्य : डांबराचा उंच, टोकदार उंचवटा. रिक्षा आपटते, आतल्या मुलाच्या हातून बाटली निसटते.)

आणि आपला लाडका उपाय. गतिरोधक.

अपघात होतो, लोक जमतात, नगरसेवकाला फोन जातो आणि दोन दिवसांत डांबराचा ढिगारा येऊन पडतो. त्यावर पांढरे पट्टे नाहीत, अलीकडे फलक नाही. रात्री तो दिसत नाही आणि दिवसा कंबरडं मोडतो. कडेला पावसाच्या पाण्यासाठी वीतभर फट सोडलेली असते, तिथून दुचाक्या वेग न सोडता निघून जातात. नेमकी ती फट म्हणजे मुलांची चालायची जागा.

याचं माप ठरलेलं आहे, हे बहुतेकांना माहीत नसतं. रस्त्यांची मानकं ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेने फार पूर्वीच लिहून ठेवलंय : उंची दहा सेंटिमीटर, गाडी जाते त्या दिशेने रुंदी ३.७ मीटर, गोलाई सतरा मीटर त्रिज्येची. एवढ्या सपाट चढावर ताशी २५ने जाणाऱ्याला काहीच होत नाही, पन्नासने येणाऱ्याला मात्र कळतं. आमच्या समोरच्या ढिगाऱ्याची रुंदी? आजोबांनी छत्री आडवी ठेवून मोजली. छत्री लांब पडली.

याहून चांगली युक्ती आहे ती उचललेल्या झेब्राची. झेब्रा क्रॉसिंगच पदपथाच्या उंचीवर आणायचं, दोन्ही बाजूंना गाडीसाठी चढ. मुलाने रस्त्यात उतरायचं नाही, गाडीनेच मुलाच्या पातळीवर चढून यायचं. आणि झेब्राच्या अलीकडे दोन गाड्यांची जागा रिकामी. सात वर्षांचं मूल जेमतेम एकशेवीस सेंटिमीटर. आजच्या त्या मोठाल्या गाड्यांच्या आडून ते दिसतच नाही. दिसतं ते एकदम पुढ्यात आल्यावर.

(दृश्य : मुंबई, भायखळा. मिर्झा गालिब मार्ग.)

मुंबईत क्राइस्ट चर्च शाळेसमोर महापालिका, वाहतूक पोलीस आणि डब्ल्यूआरआय इंडिया ही शहरांच्या प्रश्नांवर काम करणारी संस्था यांनी हे करून पाहिलं. आधी तात्पुरतं : रंग, शंकू, अडथळे. मुलांसाठी आखलेली चालायची वाट, पालकांना थांबायची जागा, ठळक क्रॉसिंग. रंगाने केलेली चूक रंगानेच पुसता येते, सिमेंटची काढायला निविदा लागते.

इटलीतल्या बोल्झानोने १९८९ पासून आणखी सोपं केलं. शाळा भरताना आणि सुटताना समोरचा रस्ता थोडा वेळ मोटारींना बंद. लंडनमध्ये आता असे शेकडो रस्ते आहेत.

अडचणी आहेत. रिक्षावाल्या काकांना दारातून मुलं घ्यायची असतात, कारण त्यांची पुढची फेरी दुसऱ्या शाळेची आहे. दुकानदाराला गिऱ्हाईकाची स्कूटर दारात हवी. आणि पालकांबद्दल न बोललेलंच बरं. रस्ता धोक्याचा म्हणून मुलाला मोटारीने सोडायचं, आणि त्याच मोटारीमुळे शेजारच्याचं मूल धोक्यात. शेजारीही मग मोटार काढतो. हे चित्रण करणाऱ्या आमच्या चमूतल्या तिघांनी कबूल केलं, आपणही हेच करतो. तिसरा मी.

(दृश्य : गल्ली. बारा पंचेचाळीस. गर्दी ओसरलेली. दोरी अजून आडवी.)

आजोबा आणि नात दोरीच्या अलीकडे आहेत. नातीने हात सोडलाय. फरशीच्या रेघांवर पाय न पडू देता ती चालते आहे, मधेच एक उडी मारते, वळून बघते. आजोबा "सांभाळून" म्हणत नाहीत. छत्री हलवत मागून येतात.

दुपारच्या सत्राची घंटा होते. शेवटचा मुलगा पळत आत शिरतो, बुटाची नाडी सुटलेली. मामा खांबाची गाठ सोडतात, कोपरावर दोरी गुंडाळतात आणि फाटकाआडच्या खिळ्याला अडकवतात.

(ध्वनी : मोटारसायकल. जवळ येते, वेग न कमी करता निघून जाते.)