डाव्या हाताचं गाणं

(दृश्य : पियानोच्या पट्ट्यांवर एका मुलीचे लहान हात, अगदी जवळून)

उजव्या हाताची करंगळी बघा. पहिला सूर तिचा. मग अंगठ्यापासून एकेक बोट पडत जातं आणि चाल पुन्हा करंगळीवर येते. 'जी' या पाश्चात्य स्वराला षड्ज धरलं तर प, सा रे ग म, प. पाच सूर, पाच बोटं. हात जागचा हलत नाही. आता तो जरासा वर सरकला, अंगठा मध्यमावर आला. ध, म प ध नी, सां. यातला नी तेवढा काळ्या पट्टीवरचा.

जी मेजर या स्वरसप्तकातला हा मिन्युएट, म्हणजे नृत्याच्या लयीतली छोटी रचना, जर्मन रचनाकार बाख याची दुसरी पत्नी आना माग्दालेना हिच्या १७२५ च्या वहीत आहे. वहीत त्यावर रचनाकाराचं नाव नाही. म्हणून कित्येक पिढ्या तो बाखचाच म्हणून शिकल्या. ड्रेस्डेनचा ऑर्गनवादक ख्रिस्टियान पेट्झोल्ड याची ही रचना, हे उलगडलं १९७० च्या दशकात.

(दृश्य : फक्त डावा हात)

उजवा थांबलाय. आता डावा ऐका. सा, रे, ग, म... आणि त्याच पायऱ्यांनी खाली, ग, रे, सा. वर एवढी लगबग चाललेली असताना हा सावकाश चढतो, सावकाश उतरतो. ही साथ नाही, दुसरं गाणंच आहे. मुलांकडून ते आधी गळ्यानं गाऊन घ्यावं आणि मगच पट्ट्यांवर आणावं, हा आमचा आग्रह आहे. वाद्यवृंदासाठी लिहिलेल्या मोठ्या सिंफनीतली प्रसिद्ध धून छाटून मुलांपुढे ठेवली, की डाव्याच्या वाट्याला बहुतेक वेळा नुसते ठोके उरतात. मुळात लहान हातांसाठीच लिहिलेल्या रचना असताना ही छाटाछाट कशाला?

(दृश्य : दोन्ही हात, वरून)

हा जर्मन रचनाकार शूमान. १८४८ साली थोरली लेक मारी सात वर्षांची होणार होती. तिच्या वाढदिवसासाठी त्यानं काही छोट्या रचना लिहायला घेतल्या आणि बघता बघता ४३ रचनांचा अल्बम झाला. ही त्यातली दहावी, 'आनंदी शेतकरी'. इथे चाल डाव्या हातात आहे, उजवा फक्त मधूनमधून स्वरसंगती, म्हणजे एकत्र दाबलेले सूर, देतो. उजवा दाबून वाजला की चाल बुडते. शिकवणाऱ्या बाईंची खूण बघा, उजवा हलका कर. आणखी हलका.

(दृश्य : मोठा विद्यार्थी)

बाखचं पहिलं इन्व्हेन्शन, म्हणजे दोन्ही हातांना सारखंच गाणं देणारी छोटी रचना, १७२३ च्या हस्तलिखितातलं. उजव्यानं म्हटलेलं अर्ध्या बारनंतर (बार म्हणजे तालाचं एक आवर्तन) डावा एक सप्तक खालून म्हणतो. डावा हात तयार नसलेली मुलं इथे अडतात. काही पियानोही सोडतात.

(दृश्य : पुन्हा ती मुलगी, पाय जमिनीला टेकत नाहीत)

उजवा हात मांडीवर. सा, रे, ग, म.