डबा उघडलेला असेल, तर धूम वाजवून बघा

नमस्कार श्रोतेहो. चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, दोन महिन्यांवर आली. आता गावोगावची भजनी मंडळं वर्गणी मोजायला बसतील आणि कुणीतरी म्हणेलच, "स्पीकर ओपन बॉक्स घेऊया, स्वस्तात पडतात."

ओपन बॉक्स म्हणजे डबा फोडलेला माल. गिऱ्हाइकाने परत केलेला, नाहीतर दुकानात मांडून ठेवलेला. रिफर्बिश्ड म्हणजे परत आलेला किंवा बिघडलेला माल तपासून, लागेल तो भाग बदलून पुन्हा विकायला काढलेला. दोन्ही खुशाल घ्या. पण आपल्या कानांनी ऐकून घ्या, आणि परतीची मुदत बिलावर लिहून घ्या.

हे मी का सांगतो? गोव्यात पेडण्यातल्या आमच्या मंडळाने अशीच एक जोडी घेतली होती. नवी ४२,००० रुपयांची, ओपन बॉक्स म्हणून २९,००० ला. दुकानदाराने मोबाईलवरचं दणदणीत गाणं लावलं, काचेचं कपाट थरथरलं, आम्ही खूश. बिल करताना आमच्या खजिनदार काकांनी एकच हट्ट धरला, "सात दिवसांत परत घेणार, एवढं हाताने लिहा आणि खाली सही करा." दुकानदार कुरकुरला, पण त्याने लिहिलं.

त्याच रात्री देवळाच्या सभामंडपात तालीम. अभंग सुरू झाला, पखवाजाच्या धुमेवर, म्हणजे कणीक लावलेल्या डाव्या तोंडावर, थाप पडली आणि डावीकडून आवाज आला, फर्र! पुढच्या थापेला पुन्हा फर्र. सगळ्यांनी पखवाजाकडे बघितलं. कणीक सुकली असणार म्हणून वाजवणाऱ्या काकांनी ती खरवडून काढली, ताटलीत नवी भिजवली, अंगठ्याने दाबत दाबत धुमेवर बसवली. थाप मारली. फर्र! माईक बदलला. फर्र!

शेवटी आयटीआयमध्ये शिकणारा आमचा एक टाळकरी उठला. म्हणाला, "काका, स्पीकरांच्या मागे डाव्या-उजव्या वायरी अदलाबदल करूया. फरफर उजवीकडे गेली तर दोष मिक्सरचा नाहीतर वायरीचा. डावीकडेच राहिली तर स्पीकरचा." वायरी बदलल्या. फरफर डावीकडेच राहिली. श्रोतेहो, हे लक्षात ठेवा, वायरी अदलाबदल करून बघायला पैसा लागत नाही.

दुसऱ्या दिवशी दुकानात कारागिराने जाळी काढली, चार बोटांनी पडदा अगदी अलगद आत दाबला आणि मला म्हणाला, "कान लावा." आत खर्र खर्र घासत होतं. तारेचं वेटोळं चुंबकाला लागत होतं. आधीच्या गिऱ्हाइकाकडून तो डबा आपटला असावा. दणदणीत गाण्यात हे झाकून गेलं होतं. धुमेचा एकच खोल ठोका आणि त्यामागची शांतता, तिथे ते उघडं पडलं. काकांनी बिल पुढे केलं. सही होती, जोडी बदलून मिळाली. या वेळी आमच्याच भजनाचं रेकॉर्डिंग लावून, आधी हळू, मग मोठ्याने, अर्धा तास ऐकलं आणि मगच उचलली.

जाता जाता सांगतो, घुमट आणि समेळ या आपल्या गोव्याच्या चर्मवाद्यांवरच्या आरतीला माईक लावू नये, असं माझं ठाम मत आहे. चौकात बसून ऐकताना घुमटाचा नाद थेट छातीत शिरतो. तो स्पीकरमधून आला की नुसता गोंगाट होतो. मुलांना तो नाद तसाच ऐकू द्या.

तर, आणखी काय बघायचं? आपल्याकडे पाऊस धो धो, किनाऱ्याला खारं वारं. सेटच्या मागची वायरी लावायची भोकं हिरवट पडली असतील, आवाजाचं बटण फिरवताना खरखर होत असेल, तर माल दमट जागी राहिलेला असावा. बऱ्याच जुन्या स्पीकरच्या पडद्याभोवती फोमची कड असते, ती बोटाला चुरा लागेल इतकी विरली असेल तर ती बदलण्याचा खर्च किमतीत धरा. बॅटरीवरचा ब्लूटूथ स्पीकर मात्र बॅटरी नवी घातल्याचं लेखी मिळाल्याशिवाय मी घेणार नाही. न वापरताही बॅटरी म्हातारी होते.

आणि एक खास आपल्या गोव्याचं. तारवटी, म्हणजे बोटीवर नोकरी करणारे, भाऊ-काका बाहेरून सुंदर अँप्लिफायर आणतात, ते पुढे विकले जातात. मागची पट्टी वाचा. अमेरिकेतला १२० व्होल्टचा असेल, जपानचा १०० व्होल्टचा. आपल्या घरची वीज २३० व्होल्टची. ट्रान्सफॉर्मर न लावता जोडलात तर तो बटण दाबताच जळू शकतो. हे पुन्हा सांगतो, आधी मागची पट्टी वाचा, मग प्लग लावा.

लिहून दिलेली मुदत दुकानदाराने पाळली नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनचा नंबर आहे १९१५. एक, नऊ, एक, पाच. बिल हाताशी ठेवून फोन करा. आणि खरेदी चवथीच्या आदल्या आठवड्यावर ढकलू नका. तेव्हा दुकानात इतकी गर्दी असते की अर्धा तास ऐकायला कुणी उभं राहू देत नाही. याच आठवड्यात जा, पखवाजवाल्या काकांना सोबत न्या. नमस्कार.