'वुड यू माइंड'ला हो म्हणायचं की नाही?

नमस्कार मंडळी.

विमानात शेजारची बाई विचारते, "वुड यू माइंड स्वॅपिंग सीट्स?" आपला माणूस मनापासून "येस, येस" म्हणतो. तिचा चेहरा पडतो, कारण तिच्या कानांवर नकार पडलेला असतो. तेवढ्यात हा पट्टा सोडून उठायला लागतो, म्हणून निभावतं. फोनवर मात्र उठणारा माणूस दिसत नाही, आपली डोलणारी मानही दिसत नाही. "डू यू माइंड इफ आय पुट यू ऑन होल्ड?" असं विचारल्यावर "येस" आलं, की पलीकडचा कर्मचारी गोंधळलाच.

चूक इंग्रजीच्या ज्ञानाची नाही, मनातल्या भाषांतराची आहे. आपण त्या वाक्याचं मनात "चालेल का?" असं करतो आणि चालेलचं उत्तर देतो: हो! (चालेल काय, पळेल!) त्याऐवजी "हरकत आहे का?" असं करा. मग उत्तर आपोआप बरोबर येतं. "हरकत आहे का?" याला कुठलाही मराठी माणूस होकार द्यायचा असताना "हो" म्हणत नाही, "छे, काही हरकत नाही" म्हणतो. "नॉट ॲट ऑल" म्हणजे नेमकं तेच. म्हणजे हा साचा आपल्याकडे आधीपासून आहे, फक्त चुकीच्या खणात हात जातो.

हरकत हा शब्द फारसीच्या वाटेने आपल्याकडे आला. मूळ अरबीत त्याचा अर्थ हालचाल, म्हणून गाण्यातलीही हरकतच. 'माइंड' तर आपल्या 'मन' शब्दाचा दूरचा भाऊ, दोघांचं मूळ एकच. जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ स्मरण असा होता आणि स्कॉटलंडमध्ये आजही आठवणे या अर्थाने ते क्रियापद वापरतात. त्यातूनच लक्ष ठेवणे आणि पुढे मनाला लागणे हे अर्थ आले. लंडनच्या भुयारी रेल्वेतलं "माइंड द गॅप" हे मधल्या अर्थाचं, आपलं आजचं वाक्य शेवटच्या अर्थाचं.

आता बांधणी. इथे नीट लक्ष द्या, कारण काम कोण करणार ते यावर ठरतं.

"वुड यू माइंड ओपनिंग द विंडो?" यात खिडकी तुम्ही उघडायची. "वुड यू माइंड इफ आय ओपन्ड द विंडो?" यात खिडकी मी उघडणार, तुमची फक्त परवानगी हवी. दवाखान्यात डॉक्टर विचारतात, "वुड यू माइंड इफ अ स्टुडंट सॅट इन?" म्हणजे शिकाऊ विद्यार्थी तपासणीच्या वेळी बसला तर चालेल ना? इथे घाईत दिलेलं "येस" त्या विद्यार्थ्याला बाहेर पाठवतं.

पहिल्या प्रकारात सगळ्यात जास्त ऐकू येणारी चूक म्हणजे "वुड यू माइंड टू ओपन". ती येते आपल्या '-आयला'मधून. "खिडकी उघडायला हरकत आहे का?" या '-आयला'ची जोडी आपण शाळेपासून 'टू'शी लावलेली असते, त्यात "वुड यू लाइक टू"ची सवय. पण माइंडच्या पुढे टू येत नाही, इंगवालं रूपच येतं. एखादी गोष्ट करू नका असं सांगायचं, तर 'नॉट' त्या रूपाच्या आधी: "वुड यू माइंड नॉट पार्किंग हिअर?"

दुसऱ्या प्रकारात 'ओपन्ड', 'सॅट' हे भूतकाळ बघून बिचकायचं कारण नाही. आपणही "एक काम होतं तुमच्याकडे" म्हणतो. काम आत्ता असतं, 'होतं' हे समोरच्यावर भार पडू नये म्हणून. इंग्रजीचा इथला भूतकाळ त्याच जातीचा. "डू यू माइंड इफ" असं सुरू केलंत, तर मात्र पुढे साधा वर्तमानकाळ: "इफ आय ओपन".

आणि ऐकताना 'वुड' आणि 'यू' सुटे ऐकू येतील अशी अपेक्षा ठेवू नका. बोलण्यात ते "वुज्यू" होतं.

गंमत म्हणजे इंग्रज स्वतःही "वुड यू माइंड"ला सर्रास "शुअर" किंवा "याह, गो अहेड" म्हणतात. ते चालतं, कारण पुढच्या "गो अहेड"ने अर्थ पक्का होतो. नुसत्या "येस"वर थांबणं धोक्याचं. नकार द्यायचा असेल, तर "येस, आय डू माइंड" अंगावर आल्यासारखं वाटतं. "ॲक्च्युअली, आय'ड रादर यू डिडन्ट" म्हणावं. पुन्हा तोच भूतकाळ!

हो-नाहीचा हा गुंता आपल्या घरांतही आहे. आजी विचारते, "पोळी नको ना तुला?" मराठीत याला "हो, नको" म्हणतात, म्हणजे तुझं म्हणणं खरं. इंग्रजी उत्तर देतं ते वस्तुस्थितीला: "नो, आय डोन्ट." परदेशात इंग्रजीत वाढलेलं पोर मराठीत नुसतं "नाही" म्हणतं, आजी "नाही, हवी आहे" समजते आणि ताटात पोळी पडते. उपाय दोन्ही भाषांत एकच, क्रियापद उच्चारा: "नको" किंवा "हवी".

इंग्रजीतही कधीकाळी याची सोय होती. होकारार्थी प्रश्नाला 'ये' आणि 'ने', नकारार्थी प्रश्नाला 'येस' आणि 'नो', असे चार शब्द होते. 1532 मध्ये इंग्रज लेखक टॉमस मोर यांनी बायबलचं इंग्रजी भाषांतर करणाऱ्या विल्यम टिंडल यांना त्या भाषांतरात 'ने'च्या जागी 'नो' घातल्याबद्दल फटकारलं आणि नियम समजावताना स्वतःच उलटसुलट करून बसले.

मग "क्लोज द डोअर, प्लीज" पुरत नाही का? मुलांना पुरतं. अनोळखी माणसाला ते हुकमासारखं लागू शकतं, प्लीज असूनही. मराठीत "तेवढं दार लावता का जरा?" म्हणताना सगळा मऊपणा 'तेवढं', 'का', 'जरा' या बारीक शब्दांत असतो, ते इंग्रजीत नेताना गळून पडतात. त्यांची भरपाई 'वुड यू माइंड' करतं. पण जवळच्या मित्राला मीठ मागताना ते वापरलंत, तर तो विचारेल, रागावलास का? तिथे "कॅन यू पास" बास. आणि कुणी 'माइंड'वर जोर देऊन नुसतंच "डू यू माइंड?" म्हटलं, तर तो प्रश्न नसतो. काय चालवलंय, असा त्याचा अर्थ. उत्तर न देता पाय मागे घ्यावा.

राहिलं एक. पाहुणा "आय वुडन्ट माइंड अ कप ऑफ टी" म्हणाला, तर हरकत वगैरे विसरा. इथे आपलं "चहा चालेल"च बरोबर बसतं. त्याला चहा हवा आहे, आधण ठेवा.