पाचटाखालची वस्ती

ऊसतोड आटोपली की कृष्णाकाठच्या शिवारांत धूर उठायला लागतो. पाचट, म्हणजे उसाची वाळलेली पानं, पेटवलं की रान एका दिवसात मोकळं होतं. पण हेक्टरी ८ ते १० टन सेंद्रिय पदार्थ त्यासोबत जळून जातो. वरच्या थरातली गांडुळंही त्यातच जातात.

आणि मग हाच शेतकरी गांडूळखताची पोती विकत आणतो.

गांडूळखत चांगलंच आहे. सावलीतला वाफा, त्यात अर्धवट कुजलेलं शेण आणि पालापाचोळा, वर ओलं गोणपाट. ताजं शेण तापतं, त्यात गांडुळं मरतात. म्हणून ते आधी मुरू द्यायचं. गांडूळ कातडीनं श्वास घेतं. ओल तुटली तर ते गुदमरतं आणि पाणी साचलं तरीही गुदमरतं. ओल नीट राखली, तर दीड-दोन महिन्यांत चहापत्तीसारखं काळं, भुसभुशीत खत तयार होतं. मग पाणी तोडायचं आणि खताचा उजेडात ढीग करायचा. उजेड नको म्हणून गांडुळं आपणहून तळाशी जातात, वरचं खत काढून घेता येतं.

मात्र या वाफ्यातलं गांडूळ, बहुतेक ठिकाणी आयसेनिया फेटिडा, शेणाच्या ढिगात राहणारं आहे. उघड्या काळ्या रानात सोडलं तर ते टिकत नाही. रानाची गांडुळं वेगळी. ती खोल बिळं करतात, पाचोळा आत ओढून नेतात आणि खालची माती विष्ठेवाटे वर आणून टाकतात. चार्ल्स डार्विननं १८८१ साली इंग्लंडमधल्या जमिनींसाठी हिशोब मांडला होता : एकरी वर्षाला १० टनांहून जास्त माती गांडुळांच्या पोटातून जाते. त्यांच्या बिळांतून पावसाचं पाणी मुरतं आणि मुळांना हवा मिळते. पाटपाणी देऊन देऊन चिबड, म्हणजे पाणथळ झालेल्या आपल्या रानांना नेमकं हेच हवं आहे.

ही गांडुळं विकत मिळत नाहीत. त्यांना खायला आणि पांघरायला दिलं की ती येतात. म्हणून खोडवा, म्हणजे तोडलेल्या उसाच्या बुडख्यांतून फुटणारं पुढचं पीक, ठेवताना बुडखे जमिनीलगत छाटायचे आणि पाचट सरीत दाबायचं. पाचटात कर्ब भरपूर, नत्र कमी. नुसतं टाकलं तर कुजवणारे जिवाणू जमिनीतलं नत्र ओढतात आणि फुटवे पिवळे पडतात. त्यासाठी हेक्टरी ८० किलो युरिया, १०० किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि १० किलो पाचट कुजवणारे जिवाणू पाचटावर टाकायचे, मग पाणी द्यायचं. सुरुवातीला पाणी सरीत अडतं, मजूर कुरकुरतात. पहिलं वर्ष जिवावर येतं, पण ते काढायलाच हवं.

पावसाळ्यात वाफसा आला, म्हणजे माती ओलसर पण चिखल नाही अशी झाली, की पाचट बाजूला सारून बघा. गांडुळांनी वर टाकलेल्या मातीच्या बारीक गोळ्यांचे ढिगारे दिसले, तर खोडवा निघाल्यावर त्या रानात खोल नांगरट टाळा. नांगराच्या फाळानं बिळं मोडतात आणि पुन्हा तयार व्हायला वेळ लागतो.