दीड, अडीच, साडेतीन

नमस्कार श्रोतेहो. मी निवृत्त नर्स. पुण्याच्या पेठांमधल्या दवाखान्यांत ३१ वर्षं बाळांना टोचण्यात गेली, एवढीच माझी ओळख. लसींचं वेळापत्रक आधीच सांगून टाकते, कारण मी एकदा बोलायला लागले की ते राहून जाईल.

जन्मल्याबरोबर बीसीजी, म्हणजे क्षयाची लस, पोलिओचे थेंब आणि कावीळ 'ब'ची लस. ही काविळीची २४ तासांच्या आत. मग दीड महिना, अडीच महिने, साडेतीन महिने. परत सांगते, दीड, अडीच, साडेतीन. या तिन्ही वेळांना पेंटा, म्हणजे एकाच सुईत घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात, कावीळ 'ब' आणि हिब, म्हणजे मेंदूज्वर-न्यूमोनिया आणणारा एक जंतू. सोबत पोलिओ आणि जुलाबाची रोटा, तोंडावाटे. दीड आणि साडेतीनला पोलिओची सुई आणि न्यूमोनियाची पीसीव्हीसुद्धा. नऊ महिने पुरे झाले की गोवर-रुबेला, शिवाय पोलिओची सुई आणि पीसीव्ही यांचा पुढचा डोस. १६ ते २४ महिन्यांत गोवर-रुबेला दुसऱ्यांदा, त्रिगुणी (घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात) आणि पोलिओचा बूस्टर. पाच-सहा वर्षांना त्रिगुणी पुन्हा, १० आणि १६ व्या वर्षी टीडी, म्हणजे धनुर्वात-घटसर्पाची. सरकारी दवाखान्यात हे सगळं फुकट.

आता आजोबा.

रविवार पेठेत जिन्याखाली त्यांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान. एक माणूस बसला की दुसऱ्यानं रस्त्यावर उभं राहायचं, एवढंच. एका बुधवारी ते सून आणि नातीला घेऊन आले. नात पाच महिन्यांची. दीड महिन्याचे डोस झालेले, मग सून माहेरी सोलापूरला गेली आणि अडीचचे राहिले. त्यात तिच्या मोबाईलवर कुणीतरी पाठवलं होतं की सुयांमुळे मुलं उशिरा बोलतात.

आजोबा खुर्चीत बसले आणि म्हणाले, "सिस्टर, आधी बाटली दाखवा."

मागे वीस-बावीस बायका, प्रत्येकीच्या कडेवर एक रडणारं. तरी मी बाटली दाखवली. तिच्या लेबलवर एक गोल असतो आणि गोलाच्या आत चौकोन. चौकोन गोलापेक्षा फिकट असेल तर लस चांगली. उन्हाचा, उकाड्याचा ताप बाटलीला लागत गेला की चौकोन गडद होत जातो. गोलाच्या रंगाचा झाला की बाटली बाद. आजोबांनी सदऱ्याच्या खिशातून घड्याळजीचं भिंग काढलं, डोळ्यात खोचलं आणि बाटली खिडकीकडे धरली. दवाखाना गप्प झाला. खरंच, पोरंसुद्धा गप्प झाली.

"फिकट आहे," ते म्हणाले. "पण गोठली असेल तर हा चौकोन सांगेल?"

३१ वर्षांत हा प्रश्न मला दुसऱ्या कुणी विचारला नाही. नाही सांगत. पेंटा गोठली तर वाया जाते आणि चौकोनाला त्याचा पत्ता नसतो. शंका आली तर बाटली हलवून ठेवतात, गाळ भराभर तळाला बसला की फेकून द्यायची. म्हणून तर ती दोन ते आठ अंशांत जपायची आणि डब्यात बर्फाला टेकू द्यायची नाही. हे सगळं मी त्यांना सांगितलं. मागच्या बायका म्हणायला लागल्या, आम्हालापण चौकोन दाखवा. झालं, त्या दिवशी जेवायला तीन वाजले.

मग ते म्हणाले, "डोस चुकलाय, आता पहिल्यापासून सुरू करायचं का? की आज दोन डोस एकदम देऊन हिशेब पुरा करता?" मी म्हटलं, पहिल्यापासून नाही आणि दोन एकदमही नाही. जिथे थांबलो तिथून पुढे, पेंटाच्या दोन डोसांत निदान चार आठवडे. आणि शहाणपणा करून पुढे जोडलं, "आजोबा, जास्त चावी दिली तर स्प्रिंग तुटतेच ना?"

आजोबा माझ्याकडे असे बघायला लागले की बस. "सिस्टर, जास्त चावीनं स्प्रिंग तुटते हा लोकांचा भ्रम आहे. पन्नास वर्षं ऐकतोय. आतलं तेल सुकतं आणि घड्याळ बंद पडतं."

मी काय बोलणार? सुनेच्या मोबाईलमधली गोष्टही तशीच होती. १९९८ साली इंग्लंडमधल्या एका डॉक्टरनं लेख लिहून गोवर-गालगुंड-रुबेलाच्या लसीचा ऑटिझमशी, म्हणजे मूल उशिरा बोलतं, मिसळत नाही त्या अवस्थेशी, संबंध जोडला. तो लेख छापणाऱ्या मासिकानंच २०१० मध्ये मागे घेतला. डेन्मार्कमध्ये साडेसहा लाखांवर मुलं तपासली, संबंध सापडला नाही. हे मी सुनेला सांगितलं. ती म्हणाली, "मग टोचा."

एक गंमत सांगते. बारशानंतर हीच मंडळी बाळाचे कान टोचायला नेतात, तेव्हा तारेला भिंग लावून कुणी बघत नाही. सोनारानं कान टोचले म्हणजे दुखत नाही म्हणे! आणि आपल्या पुण्यातच, हडपसरला, १९६६ साली सुरू झालेल्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये लसी बनतात, तिथली गोवराची लस जगभरच्या मुलांना जाते, आणि पुणेकर म्हणणार, बाटली दाखवा. दाखवू की, त्यात काय.

आता ताप. पेंटानंतर एक-दोन दिवस ताप येतो, मांडीला गाठ येते. चोळायचं नाही, शेकायचं नाही. परत सांगते, चोळायचं नाही, शेकायचं नाही. गार ओली पट्टी चालेल. औषध वजनावर, सिस्टर सांगेल तेवढंच. आणि मे महिन्यात लोकरीचं टोपडं घालून बाळाला गुंडाळू नका हो, ताप आणखी चढतो! टोचल्यावर अर्धा तास तिथेच बसा. बाळ तीन तास सलग रडलं, झटके आले, मलूल झालं, पीत नाही, तर सरळ दवाखाना. साधी सर्दी असली तर डोस पुढे ढकलू नका. गोवर वाट बघत नाही. २०२२ मध्ये मुंबईत गोवंडीकडे लहान मुलं दगावली, ती गोवरानंच.

आजोबा पुढच्या महिन्यात, बरोबर २८ व्या दिवशी, हजर. नातीचं लसींचं कार्ड पुढे केलं आणि मी कपाळाला हात लावला. खराब होऊ नये म्हणून लॅमिनेट करून आणलेलं! प्लॅस्टिकवर पेन चालेना. त्यांनी खिशातून बारीक ब्लेड काढलं, घड्याळाचं झाकण उघडावं तशी कड सोडवली आणि कार्ड अलगद बाहेर काढलं. "लिहा," म्हणाले.

नमस्कार.