सल्ल्यामागची गृहीतकं

(आर्थिक नियोजनाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या नव्या विद्यार्थ्यांसमोर दिलेलं व्याख्यान, संपादित स्वरूपात)

नमस्कार. तुमच्यापैकी बरेच जण नोकरी सांभाळून हा अभ्यास करणार आहेत. कुणी बँकेत आहे, कुणी विम्याचं काम करतं, कुणी हिशेब तपासणीतून इकडे वळलंय, काही जण नुकतीच पदवी घेऊन आले आहेत. चक्रवाढ, वर्तमानमूल्य, परताव्याचा दर ही गणितं बहुतेकांना येतात. ज्यांना येत नाहीत त्यांनीही धास्ती घेऊ नये. काही आठवडे रोज सराव केला की हात बसतो. म्हणून आज त्यावर बोलत नाही. मला सांगायचंय ते या पातळीवर काय नव्याने शिकायचं असतं त्याबद्दल. आपला सल्ला कोणत्या गृहीतकांवर उभा आहे हे ओळखायचं, ती गृहीतकं क्लायंटसमोर उघडी मांडायची आणि त्यांची जबाबदारी घ्यायची. मला तरी या सगळ्या अभ्यासाचा गाभा हाच वाटतो.

वर्गासाठी रचलेली एक केस घेऊ. नवरा ५४ वर्षांचा, बायको ५० वर्षांची, दोघंही कमावतात. गृहकर्जाची ७ वर्षं बाकी आहेत. मुलगी शिकतेय. नवऱ्याला ५८व्या वर्षी काम थांबवायचंय. सोबत जमाखर्चाचा तक्ता, गुंतवणुकींची यादी, विम्याच्या पॉलिसींचा तपशील. विद्यार्थी लगेच स्प्रेडशीट उघडतात आणि थोड्याच वेळात निवृत्तीसाठी किती रक्कम लागेल याचा आकडा तयार असतो. आकडा बरोबरही असतो. पण केसच्या तिसऱ्या पानावर, नवऱ्याच्या एका जुन्या मित्राबद्दल लिहिताना, एक वाक्य येऊन गेलेलं असतं: मित्राच्या व्यवसायाच्या कर्जाला हा जामीन राहिला आहे.

हे वाक्य तक्त्याच्या कुठल्याच रकान्यात बसत नाही. जामीन राहणं म्हणजे आजचं देणं नव्हे, त्यामुळे साध्या ताळेबंदात ते दिसत नाही. पण पुढचा विचार करा. मित्राचे हप्ते थकण्याची शक्यता सर्वांत जास्त कधी? मंदीत. आणि मंदीतच याच्या गुंतवणुकीची किंमतही उतरलेली असणार, कदाचित नोकरीही धोक्यात असणार. म्हणजे पडत्या भावाने विकून दुसऱ्याचं कर्ज फेडायची पाळी याच्यावर येऊ शकते. तीन संकटं वेगवेगळी दिसतात, पण ती एकाच वेळी येण्याची शक्यता मोठी आहे. तुम्ही पोर्टफोलिओच्या, म्हणजे एकत्रित गुंतवणुकींच्या, तासाला सहसंबंध शिकाल, म्हणजे दोन गोष्टी किती प्रमाणात एकत्र चढतात-उतरतात ते, तेव्हा तो फक्त शेअर आणि रोख्यांमध्ये शोधू नका. माणसाची नोकरी, त्याचं घर, त्याची नाती या सगळ्यांमध्ये तो असतो.

मग करायचं काय? जामिनाची रक्कम किती, मुदत किती, आणखी कोण जामीनदार आहेत, हे विचारायचं. करारपत्र बघायला मागायचं. ते हाती येईपर्यंत ५८व्या वर्षी निवृत्ती शक्य आहे असं ठामपणे सांगायचं नाही. त्या केसमध्ये आणखी एक गोष्ट आहे. चार पानांत बायकोच्या तोंडचं एकही वाक्य नाही. ध्येयं, जोखमीची तयारी, खर्चाच्या सवयी, सगळं नवऱ्याने सांगितलेलं. योजना मात्र दोघांची म्हणायची. उत्तरपत्रिकेच्या सुरुवातीलाच ज्याने ‘पत्नीशी स्वतंत्रपणे बोलल्याशिवाय मी पुढे जाणार नाही’ असं लिहिलं, त्याला मी मनापासून गुण देतो.

आता या विषयाची वाटचाल थोडक्यात बघू, कारण त्याशिवाय अभ्यासक्रम असा विखुरलेला का वाटतो ते कळत नाही. स्वतंत्र व्यवसाय म्हणून आर्थिक नियोजनाचं वय फार नाही. १२ डिसेंबर १९६९ रोजी शिकागोमध्ये लोरेन डंटन यांच्या पुढाकाराने १३ जण जमले. तोवर विमा विकणारा वेगळा, गुंतवणूक विकणारा वेगळा, कर पाहणारा वेगळा अशीच रीत होती. कुटुंबाचा सगळा आर्थिक संसार एकत्र पाहणारं प्रशिक्षण हवं, हा विचार त्या बैठकीतून पुढे गेला आणि १९७३ मध्ये प्रमाणित नियोजकांची पहिली तुकडी बाहेर पडली. सिद्धांत मात्र या व्यवसायाने इकडून तिकडून उसने घेतले. १९५२ मध्ये अर्थशास्त्रज्ञ हॅरी मार्कोविट्झ यांनी जोखीम आणि परतावा यांचा तोल साधत पोर्टफोलिओ कसा रचावा याचं गणित मांडलं. १९५४ मध्ये मोदिग्लियानी आणि ब्रुमबर्ग या अर्थशास्त्रज्ञांनी आयुष्यभराची मिळकत आणि खर्च यांचा मेळ कसा घातला जातो ते सांगितलं. १९७९ मध्ये कानेमन आणि ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी दाखवून दिलं की नफ्याच्या आनंदापेक्षा तेवढ्याच तोट्याचं दुःख माणसाला बरंच जास्त होतं. हे तिन्ही विचार तुमच्या अभ्यासक्रमात शेजारी शेजारी येतील आणि कित्येकदा एकमेकांशी भांडतील. भांडू द्या. कुठला विचार कुठे लागू पडतो हे ठरवणं, हेच तर शिकायचंय.

मार्कोविट्झ यांचीच गोष्ट घ्या. स्वतःच्या निवृत्तीच्या पैशाचा प्रश्न आला तेव्हा त्यांनी स्वतःचं गणित मांडलं नाही. शेअर चढले आणि आपल्याकडे ते नव्हते, किंवा ते कोसळले आणि आपले सगळे पैसे त्यातच होते, या दोन्ही पश्चात्तापांपासून वाचण्यासाठी त्यांनी पैसे शेअर आणि रोख्यांत निम्मे-निम्मे विभागले. हे त्यांनी पुढे स्वतःच सांगितलं. मला यात विसंगती दिसत नाही. पश्चात्तापाची भीती हीसुद्धा नियोजनात धरायची बाब आहे, एवढं मी यातून घेतो.

गृहीतकांचं वजन किती असतं ते आकड्यांत बघू. आज १०० रुपयांत भागणाऱ्या खर्चाला २५ वर्षांनी किती लागतील? महागाई ६ टक्के धरली तर सुमारे ४२९. ७ टक्के धरली तर ५४३. एका टक्क्याचा फरक, आणि उत्तर चौथ्या हिश्शाहून जास्त वाढलं. तुम्ही कुठला फंड सुचवलात यावर तास न् तास वाद होतील, पण योजनेचं भवितव्य अनेकदा त्या एका रकान्यात आधीच ठरलेलं असतं. म्हणून स्प्रेडशीट बनवताना गृहीतकांचं पान वेगळं ठेवा. महागाई, परतावा, आयुर्मान, कराचा दर, प्रत्येकापुढे तो आकडा कुठून आणला ते लिहा. सूत्रात आकडे कोंबून ठेवलेली शीट माझ्याकडे आली की मी ती परत पाठवतो.

दुसरं उदाहरण परताव्याच्या क्रमाचं. तीन वर्षांचे परतावे आहेत: उणे ३०, अधिक १० आणि अधिक ३० टक्के. १०० रुपये गुंतवले आणि हात लावला नाही, तर क्रम कुठलाही असो, शेवटी १०० रुपये १० पैसेच उरतात. आता निवृत्त माणूस दर वर्षाच्या शेवटी १० रुपये काढतो असं धरा. पडझड पहिल्या वर्षी झाली तर १०० चे ७०, काढून ६०, पुढे ६६, काढून ५६, मग ७२.८० आणि शेवटी ६२.८०. हेच परतावे उलट्या क्रमाने आले तर १३०, काढून १२०, मग १३२, काढून १२२, मग ८५.४० आणि शेवटी ७५.४०. सरासरी परतावा तोच, माणूस तोच, काढलेली रक्कम तीच. फरक साडेबारा रुपयांच्या वर. हे स्वतः कागदावर करून बघा, कॅल्क्युलेटर बाजूला ठेवून. ‘सरासरी अमुक टक्के मिळतात’ या वाक्यावर निवृत्तीची योजना का उभी राहू शकत नाही, ते मग कुणी सांगावं लागणार नाही.

अमेरिकेतले आर्थिक नियोजक विल्यम बेंगन यांनी १९९४ मध्ये हाच प्रश्न हाताळला. पहिल्या वर्षी जमा रकमेच्या ४ टक्के काढावेत आणि पुढे दरवर्षी महागाईप्रमाणे ती रक्कम वाढवत न्यावी, तर पैसे ३० वर्षं पुरतील, असा ढोबळ नियम त्यातून रूढ झाला. असाइनमेंटमध्ये तो सर्रास वापरला जातो. वापरा, पण आधी मूळ लेख वाचा. आकडेवारी अमेरिकेची, १९२६पासूनची. पोर्टफोलिओ तिथल्याच शेअर आणि रोख्यांचा. सल्लागाराची फी आणि कर त्या हिशेबात नाहीत. तुमचा क्लायंट ज्या देशात राहतो तिथली महागाई वेगळी असेल, त्याला ३० ऐवजी ४० वर्षं काढायची असतील, तर तो आकडा त्याच्या गळ्यात मारता येणार नाही. संशोधन वाचायचं ते असं: निष्कर्ष नंतर, आधी माहिती कुठली आणि काय वगळलंय ते.

जोखमीबद्दल एक गोष्ट पक्की करून ठेवा, पुढची दोन वर्षं उपयोगी पडेल. जोखीम सोसण्याची मानसिक तयारी वेगळी, ती पेलण्याची आर्थिक ताकद वेगळी आणि ध्येय गाठण्यासाठी ती घेण्याची गरज वेगळी. क्लायंटकडून जोखमीची प्रश्नावली भरून घेतली की बहुतेक वेळा पहिली गोष्टच हाती लागते, आणि तीही त्या दिवशीच्या बाजाराच्या रंगावर थोडीफार हलते. धाडसी स्वभावाचा पण तुटपुंजी शिल्लक असलेला क्लायंट, आणि भरपूर शिल्लक असून रात्रभर झोप न येणारा क्लायंट, या दोघांना एकच गुण मिळाले तरी एकच सल्ला देता येत नाही.

करकायद्यांचे तास तुम्हाला जड जातील. दर पाठ करू नका, ते बदलतात. रचना समजून घ्या. वारसा आणि मृत्युपत्राच्या भागाला मात्र वेळ द्या. परीक्षेत त्याला गुण कमी असतात म्हणून तो मागे पडतो, आणि घराघरांत सर्वाधिक भांडणं त्याच भागात होतात.

नीतिशास्त्राचा पेपर सोपा समजू नका. आपल्याला पैसे कोण देतो, या प्रश्नाचा सल्ल्यावर परिणाम होतो, हे अनेक देशांनी आता मान्य केलं आहे. ब्रिटनमध्ये २०१२ अखेर लागू झालेल्या सुधारणांनी गुंतवणुकीच्या नव्या सल्ल्यावर कंपन्यांकडून मिळणारं कमिशन बंद केलं आणि सल्लागाराच्या किमान पात्रतेची पातळीही वाढवली. दोन्ही गोष्टी एकदमच झाल्या, हे मला महत्त्वाचं वाटतं. जो फी घेतो त्याला ती कशासाठी घेतो हे दाखवता आलं पाहिजे.

मुलाखतीच्या सरावात तुमचं रेकॉर्डिंग होईल. ते ऐकताना क्लायंट बोलायचा थांबल्यावर तुम्ही किती लवकर बोलायला लागता तेवढंच बघा. पैशाबद्दल अवघड गोष्ट सांगायची असेल तर माणूस आधी थांबतो. त्या वेळी तुम्ही पुढचा प्रश्न विचारलात तर जामिनासारखी गोष्ट आतच राहते.

आणि पहिली लेखी असाइनमेंट देताना योजनेला एक पानाचं पत्र जोडा, क्लायंटला उद्देशून, त्याच्या भाषेत. मी काय सुचवतो, का सुचवतो, कोणत्या गोष्टी गृहीत धरल्या, त्यातली कुठली चुकली तर योजना कोलमडेल. पत्राच्या शेवटी पुढच्या आढाव्याची तारीख द्या, आणि त्याआधी काय घडलं तर तारखेची वाट न बघता भेटायचं, तेही लिहा.